किल्ली आणि कंस

प्रिय,

पत्र पोचलं. अमेरिकेत जाऊन क्रिएटिव्ह रायटिंगची पदवी घ्यायची, मग तिथेच शिकवत शिकवत लिहायचं, असं तुझ्या मनात आहे. त्यासाठी आत्ताची नोकरी सोडू का, हेही विचारलंयस. वर 'कार्व्हरनेही तेच केलं ना?' असं विचारतेस. पण रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराने आयोवा विद्यापीठातली लेखनाची पदवी अर्धवट टाकली होती.

त्याचे वडील सॉ मिलमध्ये करवतींना धार लावायचे. याचं एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पदरात दोन मुलं. १९५८ साली हे बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या चिकोला आलं. तिथल्या कॉलेजात त्याला पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेला जॉन गार्डनर शिकवायला होता. गार्डनरचीही कादंबरी तोवर छापून आलेली नव्हती. घरात लिहायला जागा नाही म्हटल्यावर त्याने या पोराला स्वतःच्या ऑफिसची किल्ली दिली. शनिवार-रविवारी कार्व्हर तिथे बसून लिहायचा. (आणि मास्तरांच्या हस्तलिखितांवरची शीर्षकं उचलून, जरा फिरवून आपल्या कथांना द्यायचा. त्यावरून बोलणीही खाल्ली!)

गार्डनर कथा ओळीओळीने तपासायचा. काट मारलेला शब्द म्हणजे विषय संपला. कंसात टाकलेल्या वाक्यावर मात्र वाद घालायची मुभा होती. एकेका स्वल्पविरामावर चर्चा व्हायची. शिकवणं म्हणजे मला तरी एवढंच कळतं.

नोकरीचं म्हणशील तर सॅक्रामेंटोच्या एका इस्पितळात त्याने रात्रपाळीला फरशा पुसल्या. पगार आठ तासांचा, काम दोन-तीन तासांत उरकायचं. सकाळी मुलं शाळेत, बायको कामावर, आख्खा दिवस मोकळा. लेखकाला याहून चांगली नोकरी कुठली? पण हळूहळू काम सुटल्यावर पाय घराऐवजी बारकडे वळायला लागले. दारू सुटली ती थेट जून १९७७मध्ये. म्हणून नोकरी सोडू का, या तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. मोकळ्या वेळात तू आत्ता काय करतेस, ते आधी कळव.

१९८०मध्ये तो सिरॅक्यूज विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९८३मध्ये वर्षाला ३५ हजार डॉलर, पाच वर्षं, अशी एक लेखनवृत्ती मिळाली. अट एकच, दुसरी नोकरी करायची नाही. त्याने शिकवणं सोडलं, आणि त्या मोकळ्या वेळात आधी लिहिल्या त्या कविता.

संपादकाचंही सांगायला हवं. त्याच्या १९८१च्या कथासंग्रहातला निम्म्याहून जास्त मजकूर गॉर्डन लिशने कापला होता. ८ जुलै १९८०ला कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवायची विनवणी केली. पुस्तक निघालं, गाजलंही. मूळ कथा पुस्तकरूपाने आल्या २००९मध्ये, त्याला जाऊन एकवीस वर्षं झाल्यावर. लिशची कात्री काही कथांना लाभली, हे मी मान्य करतो. पण एका कथेत मुलगा गमावलेल्या आईबापांना बेकरीवाला शेवटी गरम पाव खायला घालतो, तो प्रसंग त्याने उडवला, ते मला अजून सहन होत नाही. कार्व्हरने १९८३च्या संग्रहात तो परत आणला.

तुझी कथा सोबत परत पाठवतोय. तीन वाक्यांवर काट आहे. अकरा कंसात आहेत. त्यांच्यासाठी भांडायचं असेल तर रविवारी दुपारी ये. आणि आमची माळ्यावरची खोली दिवाळीपर्यंत रिकामी आहे. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीय.

तुझा,
सर