आठवड्याचा कागद आणि घरचा अभ्यास

या महिन्यातली बरीच पत्रं प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अभ्यासाबद्दल आहेत. तक्रार साधारण एकच: वर्गात काय चाललंय ते घरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. निवडक पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. होमवर्क रोज दुपारी ग्रुपवर टाकते, तरी रात्री फोन येतातच, "मॅडम, आज काय दिलंय?" रोजच्याऐवजी आठवड्याचं एक पत्रक काढावं म्हणते. त्यात काय लिहू, कधी देऊ? (एक शिक्षिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : आधी ते पत्रक कोण वाचणार ते ठरवा. ग्रुपमध्ये नंबर बहुतेक वेळा वडिलांचा असतो. संध्याकाळी मुलाजवळ बसते ती आई, आजी किंवा ट्यूशनवाली ताई. तिच्या हातात पडायचं तर पत्रक कागदावर हवं. फोनवर टाकायचं ते जोडीला.

"पाठ ४ पूर्ण, पृष्ठ ५२ ते ५५" एवढ्यावरून घरच्यांना काहीही कळत नाही. पाठ झाला हे शाळेपुरतं. घरी कळायला हवं की या आठवड्याच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, आणि ते आलं की नाही हे कसं ओळखायचं. प्रत्येक विषयाला दोन-तीन ओळी पुरतात. आपण हिंदीत लिहाल. इथे मासला मराठीत देतो:

"गणित : तीन अंकी वजाबाकी, वरच्या संख्येत शून्य असलेली. घरी एकच उदाहरण घाला, ४०२ − १७८. उत्तर २२४. ते ३७६ आलं, तर मुलानं वरखाली न बघता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. रागावू नका, शिकवायलाही बसू नका; चिठ्ठीवर ३७६ एवढं लिहून पाठवा."

ही शेवटची सूचना महत्त्वाची आहे. घरून बरोबर करून आलेली वही पाहिली की मुलाला येतंय असं वाटतं आणि चूक परीक्षेपर्यंत लपून राहते. ३७६ लिहून आलं, तर सोमवारी त्या सात-आठ मुलांना एकत्र बसवून शंभराची नोट मोडायची: ४ शतकं, ० दशकं, २ एककं याची आधी ३ शतकं, १० दशकं, २ एककं, आणि मग ३ शतकं, ९ दशकं, १२ एककं. शून्याच्या जागी ९ कुठून आला हे खेळण्यातल्या नोटांनी दाखवलं की दहा मिनिटांचं काम आहे.

भाषेसाठी या आठवड्याचे सहा शब्द आणि मोठ्यानं वाचायचा एक उतारा. परिसर अभ्यासाला एकच प्रश्न, पण घरात उत्तर सापडेल असा: "आपल्या नळाला पाणी किती वाजता येतं आणि ते कशात साठवतो?" त्याखाली होमवर्क वारानुसार, प्रत्येकापुढे मिनिटं. सोमवार ते गुरुवार रोज २० मिनिटं लिहिणं आणि १० मिनिटं वाचन धरलं तर आठवड्याचे दोन तास होतात. तिसरीला याहून जास्त देऊ नका. "२० मिनिटांत झालं नाही तर तिथेच थांबवा आणि पेन्सिलीनं रेघ मारा" ही ओळ दर पत्रकात असू द्या. रात्री दहाचे निम्मे फोन तिथेच बंद होतील.

मग साहित्य. काय लागणार आणि कोणत्या वारी, हे स्वतंत्र ओळीत, जरा ठळक. रविवारी रात्री नऊला "उद्या चार्टपेपर आणि थर्माकोल" असा निरोप आला की घरातलं कोणीतरी स्कूटर काढून अर्ध्या बंद झालेल्या बाजारात हिंडतं. म्हणून पत्रक शनिवारी शेवटच्या तासाला द्या. शनिवारी सुट्टी असेल तर शुक्रवारी. रविवार खरेदीला मिळतो आणि सोमवारी लागणारी वस्तू सोमवारी हजर असते.

सगळ्यात खाली बोटभर रुंदीची फाडायची पट्टी: सहज जमलं, मदतीनं जमलं, जमलं नाही. पालकांनी एकाला गोल करायचा, वाटलं तर एक ओळ लिहायची. पट्ट्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी गोळा करून तीन गठ्ठे करा. ४२ पट्ट्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. तिसऱ्या गठ्ठ्यात दहा-बाराहून जास्त पट्ट्या पडल्या तर मुलं मंद आहेत असं समजू नका. धडा पळवला गेलाय. तो भाग वर्गात पुन्हा घ्या आणि पुढच्या होमवर्कमधून काढून टाका.

आकार ए-फोरचा अर्धा. ४२ मुलांना २१ कागद लागतात; दोन-तीन जास्त काढा, हरवतातच. अक्षर १४ पॉइंटांचं, मजकूर एका बाजूला, दीडशे शब्दांच्या आत. मागच्या बाजूला छापलेलं कोणी वाचत नाही.

अशी पत्रकं बहुधा चौथ्या आठवड्यात बंद पडतात. कारण आळस नसतो. दर वेळी नवी चौकट, नवा सुविचार, फुलापानांची किनार असा घाट घातलेला असतो. साचा एकदाच ठरवा, क्रम कधीही बदलू नका, फक्त ओळी बदला. पंचवीस मिनिटांत व्हायला हवं. कागद दप्तरात चुरगळू नये म्हणून डायरीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वरची कड चिकटवा, पुढच्या आठवड्याचा त्यावरच. आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांकीचा (रात्रभर चालणाऱ्या देखाव्यांच्या मिरवणुकीचा) आठवडा असेल तर होमवर्कच्या जागी "या आठवड्यात काही नाही" असं स्पष्ट लिहा. रात्रभर झांकी पाहिलेल्या मुलाकडून दुसऱ्या दिवशी पाढे मागण्यात अर्थ नाही, आणि पालकांना तसं कागदावर दिसलं की पुढच्या आठवड्याचं ते मनावर घेतात.

प्रश्न : नातू तिसरीत, हिंदी माध्यमात. मी त्याचे पाढे मराठीत घेते आणि वजाबाकी आमच्या पद्धतीनं शिकवते. आता टीचरनं कॉपीत, म्हणजे वहीत, लाल रेघा मारल्या. मुलगा म्हणतो, आई तू शिकवू नकोस. खरंच थांबू का? (एक आजी, रामबाग, इंदूर)

उत्तर : पाढे थांबवू नका. वजाबाकी मात्र थोडे दिवस बाजूला ठेवा, कारण सांगतो.

वर दिलेलंच उदाहरण घ्या, ४०२ − १७८. आपली पद्धत अशी असणार: दोनातून आठ जात नाहीत, बारातून आठ गेले चार, हातचा एक, सात आणि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक, एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. उत्तर २२४, बिनचूक. हातचा खालच्या संख्येत मिळवला. शाळेत वरची संख्या मोडतात: ४०२ ची ३ शतकं, ९ दशकं, १२ एककं करतात आणि खालच्या संख्येला हात लावत नाहीत. उत्तर तेच. पण एकाच आठवड्यात दोन्ही पद्धती कानावर पडल्या की मूल वरचंही मोडतं आणि खालीही मिळवतं. मग बारातून आठ चार, नवातून आठ एक, तिनातून दोन एक, आणि वहीत येतं ११४. नातवाच्या वहीत लाल रेघेखाली असंच उत्तर असेल, तर त्याला दोन्ही पद्धती येतात आणि त्या एकमेकींत मिसळल्यात, एवढंच. शाळेची पद्धत पक्की झाली की दिवाळीच्या सुट्टीत आपली शिकवा. ती भरभर होते आणि ताळा पाहायला उत्तम.

पाढ्यांचं तसं नाही. "बे दुणे चार" आणि "दो दूनी चार" मध्ये गणित एकच, चाल वेगळी. फक्त म्हणवून घेऊन थांबू नका. मधूनच विचारा, "सात चोक?" आणि उत्तर तोंडी न घेता अंकात लिहायला लावा. एकोणसत्तर ऐकून ६९ लिहिता आलं की शाळेत उनहत्तर म्हणाले तरी अडत नाही. इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांना इथे जास्त त्रास होतो, कारण पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात आणि ट्वेंटी-फाइव्हमध्ये वीस. पंचवीस सांगितल्यावर ५२ लिहिलं तर ती हुशारीची उणीव समजू नका, कानाची गडबड आहे. अशा मुलाला आधी दहाचे गठ्ठे आणि सुटे मोजून दाखवा, मग लिहू द्या.

खरा घोटाळा शब्दांचा. होमवर्कला बसताना शाळेचे शब्द वापरा. बेरजेला तिथे जोड, हातच्याला हासिल, भागाकारात उरते त्या बाकीला शेषफल, अपूर्णांकाला भिन्न, परिमितीला परिमाप, विरुद्धार्थी शब्दाला विलोम. 'अंतर' मात्र जपून: हिंदी पुस्तकात "दोनों संख्याओं का अंतर" म्हणजे वजाबाकी, आणि आपण नातवाला सांगणार दोन गावांमधलं अंतर. (शिक्षा हा शब्द तर इंदुरातल्या प्रत्येक मराठी मुलाला पहिलीत एकदा घाबरवतोच.) असे वीसेक शब्द वहीच्या शेवटच्या पानावर समोरासमोर लिहून ठेवा. लिहायला नातवालाच बसवा.

आणि "आज काय शिकलास?" विचारू नका. त्याचं उत्तर जगभर "काही नाही" असंच येतं. "चारशे दोनमधल्या शून्याचं काय केलंस?" असं विचारा, आणि ते खुशाल मराठीतून. त्याला मराठीत सांगता आलं तर त्याला ते कळलंय.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. रोज दीड तास होमवर्क पुरतो. यावर काही नियम आहे का? (एक वडील, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात पहिली-दुसरीला होमवर्क देऊच नये असं म्हटलं आहे. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, हेही त्यातच.

धोरणाचा कागद घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. आधी एक आठवडा नोंद ठेवा: कधी बसली, कधी उठली, त्यात लिहिणं किती, विचार करणं किती, रडणं आणि खोडरबर किती. दीड तासातला अर्धा वेळ फळ्यावरून चुकीचं उतरवून आणलेला होमवर्क उलगडण्यात जातो असं पुष्कळदा निघतं. दुसरीच्या मुलीला ओळ उतरवताना शब्द गळतात. तिथे छापील चिठ्ठी मागणं पुरतं. लिहिणंच जास्त असेल तर नोंद वर्गशिक्षिकेला दाखवा आणि विचारा, "यातलं कोणतं सोडलं तर चालेल?" या प्रश्नाला उत्तर मिळतं. "एवढा होमवर्क का देता?" याला मिळत नाही.

प्रश्न : आमच्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर चुकलेल्या कॉप्यांचे फोटो नावासकट पडतात. शंभर "गुड मॉर्निंग" मध्ये खरी सूचना सापडत नाही ते वेगळंच. काय सुचवावं? (एक आई, वैशालीनगर, इंदूर)

उत्तर : फोटो आधी. चुकीची वही, गुणांची यादी, न आलेल्या मुलांची नावं यातलं काहीही ग्रुपवर येऊ नये. ते त्या मुलाचं आणि त्याच्या घरचं. शाळेला एकटीनं सांगण्यापेक्षा दोन-चार पालकांनी मिळून लेखी सांगा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये पालकांना भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. भेटून सांगा, ग्रुपवर नको, एवढंच मागायचं.

ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश फक्त ॲडमिननं पाठवायचे असं करता येतं. गुड मॉर्निंग तिथेच संपलं. प्रश्न विचारायला संध्याकाळी पाच ते सहा वैयक्तिक निरोप. काही शिक्षिका ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी करतात. त्यात पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, हा फायदा. पण ज्यांनी शिक्षिकेचा नंबर फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यांना तो संदेश पोचतच नाही. "मला आलंच नाही" म्हणणारे पालक बहुधा खोटं बोलत नसतात. आणि सूचना फोटो काढून न पाठवता टाइप करून पाठवायला सांगा: टाइप केलेली नंतर शोधता येते, ज्यांना वाचायला अडतं त्यांना फोन वाचूनही दाखवतो, आणि चूक झाली तर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते.

प्रश्न : घरात स्मार्टफोन एकच. नवऱ्याची पिथमपूरला रात्रपाळी, फोन त्यांच्याबरोबर. होमवर्क मला सकाळी कळतो. (एक आई, इंदूर)

उत्तर : वर्गशिक्षिकेला तोंडी नको, डायरीत दोन ओळी लिहून द्या: "घरी संध्याकाळी फोन नसतो. कृपया होमवर्क कागदावर द्यावा." वर्गात अशी आणखी चार-पाच घरं नक्की निघतात. तोवर त्याच गल्लीतल्या, त्याच वर्गातल्या एका मुलाच्या घराशी बोलून ठेवा. रोज नको, सोमवारी एकदा जाऊन आठवड्याचं उतरवून आणा. आणि नवऱ्याला सांगा, ग्रुपवर "ओके, मॅडम" लिहू नका. ते वाचून मॅडमना वाटतं, घरी कळलं.