शिंपी पक्षी पानं शिवताना खरंच गाठ मारतो का? आणि कुंडीतल्या वांग्यावर घरटं असेल तर झाडाला पाणी घालावं की नाही?

पाणी घालाच, अगदी रोजच्यासारखं. घरट्याला धक्का नको म्हणून तुम्ही पाणी बंद केलंय, पण त्यानेच घरटं जाईल. शिंपी पानं तोडून नेत नाही. झाडावरच्या जिवंत, हिरव्या पानांतच त्याचं बिऱ्हाड असतं. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात कुंडीतलं वांगं एक दिवस तहानलं तरी पानं माना टाकतात, मग कडा वाळतात आणि शिवण फाटते. फक्त वरून पाइपचा फवारा मारू नका. मगाने बुंध्याशी ओता.

आता गाठीचं. गाठ नसते. इंदिरानगरला आमच्या घरामागे अंजीर आहे, त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीला जवळजवळ टेकते. तिथे हे काम मी जवळून पाहिलंय. शिवते मुख्यतः मादी. नर तारेवर बसून टुविट-टुविट करत परिसर डोक्यावर घेतो. एवढ्याशा जिवाला एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे! विणीच्या हंगामात त्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब होतात, त्यावरून तो ओळखू येतो.

मादी आधी पान पारखते. पान मोठं असेल तर एकाचाच द्रोण होतो, लहान असतील तर दोन-तीन एकत्र ओढते. कोळ्याचं जाळं आणून कडांभोवती गुंडाळते, कडा जवळ आल्या की चोचीने काठाला बारीक भोक पाडते आणि त्यातून कापसाचा किंवा जाळ्याचा तंतू ओढून घेते. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं आणि भोकातून परत जात नाही. खालचा देठ बारीक, वर कापसाचं बोंड, हुबेहूब फुलवात. प्रत्येक टाका असा सुटा असतो, सलग दोरा नसतोच. त्यामुळे एखादा निसटला तरी बाकीचे धरून राहतात. भोकं इतकी बारीक की पान सहसा करपत नाही. पानाची वरची बाजू बाहेरच राहते, म्हणून समोर असूनही घरटं दिसत नाही. कधी शिवतानाच पान फाटतं, मग ती ते सोडून दुसरं बघते. अर्धवट शिवलेलं पान दिसलं तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

आत मऊ गादी असते. रिकाम्या प्लॉटवरच्या रुईच्या म्हाताऱ्या, सावरीचा कापूस, केस, जे मिळेल ते. जुन्या गादीतला चिमूटभर कापूस ग्रिलला अडकवून ठेवलात तर नेतीलही. शिवणाचा दोरा किंवा नायलॉन मात्र ठेवू नका, पाय अडकतात.

अंडी साधारण तीन-चार. बारा दिवसांच्या आसपास उबवणं, मग पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. तेवढे दिवस त्या फांदीची वांगी तोडू नका, भरीत मंडईतल्या वांग्याचं करा. खरी भीती मांजर, कावळा आणि भारद्वाजाची. आपण वारंवार डोकावलो की त्यांना वाट दाखवल्यासारखं होतं. आणि पिल्लांना पिसं आल्यावर हात जवळ नेला तर ती वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात. तुम्ही जवळ गेल्यावर जोडी चिडून ओरडायला लागली तर दोन पावलं मागे व्हा. फोटोसाठी पान बाजूला सारायचा मोह तर अजिबात नको, शिवण पानाच्या ताणावरच उभी असते.

दुपारी ऊन फार लागतंय म्हणून कुंडी सरकवायचा विचार असेल तर तेही नको, घरटं जागच्या जागी राहू द्या. पश्चिमेच्या बाजूला थोडं लांब हिरवं शेडनेट बांधा, जाण्या-येण्याची वाट मोकळी ठेवून.