प्रक्रियेचं मॉडेल, सिस्टिम्सची जोडणी: वाचकांचे प्रश्न

आमच्या कारखान्यात ऑर्डर, गोदाम, हिशेब, वाहतूक अशा सहा सिस्टिम्स आहेत. त्या एकमेकींशी थेट जोडल्या तर काय बिघडतं?

सहा सिस्टिम्समध्ये 15 जोडण्या होऊ शकतात, दहा झाल्या की 45. पण खरा त्रास आकड्याचा नाही. ‘उधारीची मर्यादा ओलांडली असेल तर माल सोडायचा नाही’ हा नियम तीन ठिकाणच्या कोडमध्ये विखुरतो आणि बदलायची वेळ आली की शोधाशोध सुरू होते. प्रक्रियेच्या मॉडेलमध्ये, म्हणजे कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृतीत, तो एकाच जागी, सगळ्यांना वाचता येईल असा राहतो.

बीपीएमएनच्या (प्रक्रिया आकृतीत मांडायच्या प्रमाणित चिन्हपद्धतीच्या) आकृत्या काढल्या, पण त्या फायलीतच पडून आहेत.

मग त्या चालवा. 2011 साली आलेल्या बीपीएमएन 2.0 ने चिन्हांसोबत ती कशी चालवायची याचे नियमही दिले. कॅमुंडा किंवा फ्लोएबलसारखं इंजिन, म्हणजे प्रक्रिया चालवणारं सॉफ्टवेअर, तीच फाइल वाचून काम पुढे नेतं. मात्र ईआरपीचे (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पत्ते आणि रकान्यांची नावं आकृतीत घालू नका, ती अडॅप्टरमध्ये, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या मधल्या कोडमध्ये, ठेवा. उद्या ईआरपी बदललं तरी प्रक्रिया तीच राहील.

ई-इनव्हॉइस पाठवलं आणि उत्तर येण्याआधीच नेट गेलं. पुन्हा पाठवायचं का? आणि नंतर ऑर्डर रद्द झाली तर?

पुन्हा पाठवायला हरकत नाही. आयआरएन, म्हणजे जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर बिलाला मिळणारा एकमेव क्रमांक, हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार व क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो, त्यामुळे दुसरा तयार होत नाही. पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणतं. हे उत्तर चूक समजून प्रक्रिया थांबवू नका. आधीचा आयआरएन घेऊन पुढे जायची वाट मॉडेलमध्ये काढा. तुमच्या गोदामाच्या सिस्टिमनेही एकाच क्रमांकाची मागणी दोनदा आली तर माल एकदाच काढला पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं.

रद्द करणं जास्त अवघड. पोर्टल तुमच्या डेटाबेसचा भाग नाही, त्यामुळे ‘रोलबॅक’, म्हणजे एका फटक्यात सगळं पूर्ववत करणं, नाही. झालेल्या प्रत्येक कामाची उलट कृती लागते. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी 1987 मध्ये ‘सागा’ नावाने हीच कल्पना मांडली. इथे उलट क्रम पाळावाच लागतो: मालवाहतुकीसाठीचं ई-वे बिल चालू असेल तर आयआरएन रद्द होत नाही, म्हणून आधी ते रद्द करायचं. आयआरएन रद्द करायची मुदत 24 तासांची. ती उलटली की बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट. म्हणून आकृतीत टायमर हवा आणि त्यापुढे दोन फाटे.

अकाउंट्सच्या लोकांना हे दाखवायचं का?

दाखवाच, आणि कोड लिहिण्याआधी. क्रेडिट नोटच्या फाट्यावर मंजुरी कोणाची, हे त्यांनाच ठाऊक असतं.