वाचकांचे प्रश्न : आईने जवळ न घेतलेले सशाचे पिलू

प्रश्न : आमच्या मुलीने पाळलेली पांढरी मादी ससा परवा पहाटे प्रथमच व्याली. पिंजऱ्याच्या जाळीवर पाच पिले विखुरलेली आढळली आणि त्यांतील चार थंडीने गारठून मेलेली होती. उरलेले पिलू आम्ही कापूस घातलेल्या खोक्यात मादीजवळ ठेवले आहे, परंतु ती दिवसभर त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. मुलीचा हात लागला म्हणून तिने पिलू टाकले, असे शेजारी म्हणतात. दर दोन तासांनी गाईचे दूध पाजले तर ते जगेल काय?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : अशा वेळी अंक हाती येईपर्यंत थांबणे शक्य नसते, म्हणून आपल्याला फोनवर लगेच सांगितले होते. तेच येथे इतर वाचकांसाठी सविस्तर देत आहे.

मादी दिवसा पिलाकडे पाहत नाही, एवढ्यावरून तिने ते टाकले असे समजू नये. सशाची मादी चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते. तेही बहुधा रात्री किंवा पहाटे आणि अवघी तीन ते पाच मिनिटे. उरलेला सर्व वेळ ती घरट्यापासून मुद्दाम दूर राहते, कारण तिच्या वावरामुळे शिकारी प्राण्याला पिलांचा माग लागू शकतो. म्हणून मादीच्या वागण्यापेक्षा पिलाचे पोट पाहावे. सकाळी पोट गोल आणि ताठ असेल, पातळ कातडीतून आतले पांढरे दूध दिसत असेल आणि पिलू ऊबदार व शांत असेल, तर त्याला आईने पाजलेले आहे. त्याला वरचे काहीही देऊ नये. पोट आत गेलेले, कातडीवर सुरकुत्या आणि पिलू गार किंवा सतत वळवळणारे असेल, तरच ते उपाशी आहे असे धरावे.

आपल्या मुलीला मात्र तिचा काही दोष नाही हे अवश्य सांगा. माणसांत वाढलेली मादी केवळ हात लागल्यामुळे पिले टाकत नाही. आपल्या पिंजऱ्यात घरट्याची पेटी नव्हती, हे खरे कारण असावे. गाभण काळ साधारण 31 दिवसांचा असतो आणि शेवटच्या दिवसांत मादी गवत गोळा करून, पोटाचे केस उपटून घरटे करते. म्हणून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पेटी व वाळलेले गवत पिंजऱ्यात असायलाच हवे. पहिल्या वेतात, त्यातही पेटी नसताना, मादी उघड्या जाळीवरच व्याली तर नवल नाही. मांजरीप्रमाणे पिलू तोंडात धरून परत आणण्याची रीत सशात नाही, आणि परभणीकडे हिवाळ्यात पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा अंगावर केस नसलेले पिलू जाळीवर फार वेळ तग धरत नाही.

खोक्यातील कापूस काढून टाका. त्याचे तंतू पिलाच्या पायांना गुंडाळले जातात. त्याऐवजी मऊ वाळलेले गवत आणि मादीचेच केस घाला. या दिवसांत तिच्या पोटाचे केस हलक्या हाताने सहज निघतात. पिलू गार लागत असेल तर आधी ऊब द्यावी, दूध नंतर. गारठलेल्या पिलाचे आतडे काम करीत नाही आणि पाजलेले दूध पोटात तसेच राहून बिघडते, म्हणून घाईने पाजलेल्या दुधापेक्षा तासभराचा उपवास पुष्कळ बरा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी, म्हणजे फार ऊब झाल्यास पिलू दुसरीकडे सरकू शकते. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे केवळ बल्बवर विसंबू नये.

पिलाला ऊब आल्यावर पहिला प्रयत्न आईच्याच दुधाचा करावा. गोणपाटावर बसून मादीला शांतपणे मांडीवर घ्यावे, आधी तिचे सड कडक, तापलेले किंवा लाल नाहीत ना हे पाहावे आणि पिलू पोटाखाली धरावे. ती पाच मिनिटे स्थिर राहिली तरी पिलाचे पोट भरते. सकाळ-संध्याकाळ असे केल्यास अनेक माद्या पुढे आपणहून पाजू लागतात. जवळपास कोणाकडे दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यालेली दुसरी मादी असल्यास, तिच्या घरट्यातले केस पिलाला चोळून ते तिच्या पिलांत ठेवावे. माझ्या मते वरच्या दुधापेक्षा हे दोन्ही मार्ग कितीतरी चांगले आहेत, कारण डोळे न उघडलेले पिलू हातावर वाढवण्यात अनुभवी माणसांनाही पुष्कळदा अपयश येते.

दुसरा इलाजच नसेल तर गाईचे दूध नको. सशाच्या दुधात स्निग्धांश दहा टक्क्यांहून अधिक असतो, प्रथिनेही तेवढीच भरपूर आणि साखर अगदी थोडी. गाईच्या दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास आणि साखर मात्र जास्त. मांजरीच्या पिलांसाठी मिळणारी दूधभुकटी सर्वांत जवळची. ती न मिळाल्यास शेळीचे ताजे दूध उकळून, कोमट करून, थोडी साय फेटून आणि गाळून द्यावे. उस्मानाबादी शेळी आपल्याकडे गावोगावी आहे. साखर, गूळ किंवा मध घालू नये. दर दोन तासांनी नव्हे, दिवसातून दोनदाच पाजावे : पहिल्या दिवसांत एका वेळी दोन-अडीच मिलिलिटर, आठवड्याने सहा-सात, दोन आठवड्यांनी बारा-तेरा आणि तिसऱ्या आठवड्यात पंधरापर्यंत. पिलाने तोंड फिरवले की थांबावे. सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने, पिलू पोटावर धरून आणि डोके किंचित वर ठेवून, ओठांशी थेंब थेंब द्यावे. पिलाला उताणे धरू नये व दाब देऊन दूध सोडू नये. दूध फुप्फुसात गेले की पिलू सहसा वाचत नाही. पाजून झाल्यावर ओल्या, कोमट बोळ्याने शेपटीखालचा भाग हळूच पुसावा, कारण डोळे उघडेपर्यंत लघवी व लेंडी होण्यास ही चेतना लागते. रोज ठरावीक वेळी लहान डिजिटल काट्यावर वजन करावे. दोन दिवस ते वाढले नाही तर दवाखाना गाठावा.

दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतील. तेव्हापासून मादीची मऊ, द्राक्षांच्या लहान घडासारखी चकाकणारी लेंडी मिळाल्यास तिचा कण दुधात कालवून द्यावा. ऐकायला हे किळसवाणे वाटेल, पण चारा पचवणारे जंतू पिलाच्या आतड्यात तेथूनच येतात. तिसऱ्या आठवड्यापासून वाळलेले गवत व वाळवलेला लसूणघास पुढ्यात असू द्यावा आणि सहा आठवड्यांच्या सुमारास दूध तोडावे. हगवण लागली तर घरातले प्रतिजैविक देऊ नये. तोंडावाटे दिलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या जिवावर उठते. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे, पिलू उबदार खोक्यात घालून तेथे न्यावे.

प्रश्न : ऊसतोडीच्या वेळी फडात रानसशाचे एकच पिलू सापडले, आई जवळ नव्हती. घरी आणून पाळावे काय?
— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : आणू नये. रानसशाचे पिलू जन्मतःच केसाळ असते, त्याचे डोळे उघडे असतात आणि आई त्याला एकटे ठेवूनच दूर राहते. ती अंधार पडल्यावर पाजायला येते. फड तोडायचाच असेल तर पिलू उचलून जवळच्या बांधावरील गवतात ठेवावे, कुत्री लांब बांधावीत आणि संध्याकाळी तेथे कोणी थांबू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या सशाला संरक्षण असून तो घरी पाळणे गुन्हा आहे. पिलू जखमी असेल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे आणि त्यांचा माणूस येईपर्यंत ते झाकलेल्या, हवेशीर खोक्यात, काहीही न पाजता ठेवावे.