स्टाव्हंगरच्या रस्त्यावर ईव्ही किती दिसतात? सोलापूरहून येणाऱ्या भावाला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये नोकरीसाठी नॉर्वेत, स्टाव्हंगरला येतोयस, सोबत बायको आणि ३ वर्षांची मुलगी. व्हिडिओत तिथली प्रत्येक गाडी इलेक्ट्रिक दिसते, ते खरं की फेकाफेकी? कुठल्या गाड्या जास्त दिसतात? आणि जुळे सोलापुरातली नेक्सॉन ईव्ही विकून इथं आल्याआल्या एखादी घ्यावी का?

मी इथं सात वर्षं आहे, सोलापुरातलं घर विजापूर रोडला. परवा पोराला बालवाडीत सोडून बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा खास तुझ्यासाठी ओळीनं ५० गाड्या मोजल्या. २७ इलेक्ट्रिक निघाल्या. ही ऑफिसच्या वेळेची मोजणी, एका स्टॉपवरची. पण अंदाज यायला पुरे. म्हणजे ‘सगळ्याच’ नाहीत, पण निम्म्याच्या थोड्या वर. व्हिडिओवाले नव्या गाड्यांचा आकडा सांगतात आणि आपण तो रस्त्यावरच्या गाड्यांना लावतो, गोंधळ तिथं होतो. २०२४ मध्ये इथं विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. जुन्या गाड्या मात्र पंधरा-वीस वर्षं पळतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांनी एकूण संख्येत पेट्रोल गाड्यांना पहिल्यांदा मागं टाकलं, तेही काहीशे गाड्यांनीच. डिझेल तेव्हा दोघांच्याही पुढं होतं.

ओळखायच्या कशा? आपल्याकडं हिरवी पाटी असते, लांबून कळतं. इथं पेट्रोल असो की इलेक्ट्रिक, कारची पाटी पांढरीच, पण इलेक्ट्रिक गाडीचा नंबर ईएल, ईके, ईव्ही, ईबी अशा अक्षरांनी सुरू होतो. आपण एमएच १३ दिसलं की ‘अरे, आपल्या गावची’ म्हणतो ना, तशी दोन आठवड्यांत तुझी नजर बसेल.

आता कुठल्या गाड्या. पोराचा आणि माझा बसमधला खेळ सांगतो, त्यातच उत्तर आहे. सुरुवातीला टेस्ला दिसली की टाळी, असा नियम होता. चार दिवसांत हात दुखायला लागले. मॉडेल वाय २०२२ पासून वर्षामागून वर्ष इथं सगळ्यात जास्त खपली, मॉडेल ३ सुद्धा भरपूर दिसते. सोलापूरच्या सातरस्ता चौकात उभं राहून स्प्लेंडर मोजण्यासारखं ते काम. म्हणून मग टाळ्यांऐवजी गुण ठेवले, गाडी जितकी दुर्मीळ तितके जास्त, आणि टेस्लाला शून्य. फोक्सवॅगनची आयडी ४, स्कोडा एन्याक, ह्युंदाई कोना, व्होल्व्हो यांनाही शून्य, कारण सिग्नलला एक तरी असतेच. एमजी, बीवायडी, एक्सपेंग या चिनी गाड्यांना आधी दोन गुण होते, तेही यंदा काढले. जुन्या निसान लीफला एक गुण. २०१८ मध्ये हीच इथं सर्वाधिक विकली गेलेली कार होती, आता म्हाताऱ्या आजीसारखी हळूहळू चाललेली दिसते. बीएमडब्ल्यू आय ३ ला पाच. बडी आणि थिंक या अस्सल नॉर्वेजियन चिमुकल्या गाड्या, त्यांना पन्नास. बडी म्हणजे चाकं लावलेली पेटी, त्यात तीन माणसं शेजारी-शेजारी बसतात. सात वर्षांत एकदाच दिसली, आणि नेमका त्या दिवशी पोरगा सोबत नव्हता. तो अजून मानायला तयार नाही.

शंभर गुण रेवाला. हो, आपल्या बंगळुरूची रेवा! ती एके काळी नॉर्वेत विकली जायची. मला अजून एकही सापडलेली नाही. बाबा फोनवर दर वेळी विचारतात, “तिकडं टाटाची गाडी दिसते का रे?” त्यांना मी जग्वार आय-पेसचा फोटो पाठवतो. कंपनी टाटांचीच की.

गल्लीप्रमाणं चित्र बदलतं हेही लक्षात ठेव. फोरूसला तेलकंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथल्या पार्किंगमध्ये पेट्रोल गाडी शोधावी लागते. तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं शहर आणि पार्किंगमध्ये सगळ्या चार्जिंगच्या केबली, मला अजून हसू येतं. दक्षिणेला यारनच्या शेतीपट्ट्यात गेलास की डिझेल पिकअप आणि ट्रॅक्टर. दुचाकी म्हणशील तर आपल्यासारखी चेतक-आयक्यूब या इलेक्ट्रिक स्कूटरची रांग इथं नाही. पुढं लाकडी पेटी लावलेल्या इलेक्ट्रिक सायकली आहेत, त्यात पोरं बसवून आया भर पावसात जातात. बेटांवर जाणारी मेडस्ट्रॉम नावाची जलद बोटसुद्धा २०२२ पासून बॅटरीवर चालते. मुलीला तीत एकदा नक्की बसव.

मागच्या मे महिन्यात सोलापूरला आलो होतो तेव्हा पोरानं हाच खेळ सातरस्त्याला लावला. चहा संपेपर्यंत हिरव्या पाट्या बऱ्याच झाल्या, पण जवळजवळ सगळ्या स्कूटर आणि ई-रिक्षा. कार दोनच, दोन्ही टाटाच्या.

नॉर्वेची माणसं आपल्यापेक्षा पर्यावरणप्रेमी म्हणून हे झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. ही हिशोबी माणसं आहेत. पेट्रोल गाडीवर नोंदणीचा जबर कर, वर २५ टक्के व्हॅट. इलेक्ट्रिकला हे दोन्ही बरीच वर्षं माफ होतं. टोल माफ, बसच्या लेनमधून जायची मुभा. सुरुवात मात्र मजेशीर झाली. १९८९ मध्ये आ-हा या बँडची मंडळी आणि बेलोना ही पर्यावरण संस्था यांनी इलेक्ट्रिक केलेली एक फियाट पांडा आणली आणि मुद्दाम टोल न भरता फिरवली. दंड थकला की गाडी जप्त व्हायची, लिलाव व्हायचा, हेच परत विकत घ्यायचे. शेवटी सरकार वाकलं. आता सवलती आटत चालल्या आहेत: २०२३ मध्ये ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट लागू झाला, टोलही लागतो, फक्त पेट्रोलपेक्षा कमी.

म्हणून आल्याआल्या गाडी घेऊ नकोस. भारतीय लायसन्सवर इथं पहिले ३ महिनेच चालवता येतं. पुढं सगळं नव्यानं शिकायचं, त्यात अंधारात चालवायचा आणि निसरड्या रस्त्यावरचा धडा सक्तीचा. खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. माझा एक मित्र, मोहोळचा, लायसन्सच्या आधी गाडी घेऊन बसला. सहा महिने ती दारात उभी आणि हा बसनं ऑफिसला.

घर बघताना भाड्याच्या आधी घरमालकाला विचार, चार्जिंग पॉइंट आहे का. दारात चार्जिंग असेल तर ईव्हीसारखं सुख नाही. इथं ज्यांचा विजेचा दर तासागणिक बदलतो, त्यांच्या घरी रात्री गाडी कधी लावायची याचा हिशोब चालतो, जसा आपल्याकडं नळाला पाणी कधी येणार याचा. स्वस्तात जुनी लीफ दाखवतील. तिचं फास्ट चार्जिंग चाडेमो नावाच्या जुन्या प्लगचं, तसे चार्जर कमी होत चाललेत. शहरापुरती हवी असेल तरच घे.

थंडीची फार धास्ती नको. स्टाव्हंगर समुद्रकाठी आहे, हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. रेंज घटते, पण उन्हाळ्यात परत येते. आणि रिफील्के बोगद्यातून एकदा तरी जा: १४ किलोमीटरहून लांब, समुद्रपातळीच्या २९२ मीटर खाली. उतरताना बॅटरीचा टक्का वाढताना दिसतो. तुळजापूरचा घाट उतरताना आमचे बाबा पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायचे आणि आई ओरडायची, मला तेच आठवतं. चढताना मात्र बोगदा सगळं वसूल करतो.

नेक्सॉन मी तरी विकणार नाही. इथं पहिलं वर्ष गाडीशिवाय जाणारच आहे आणि तिकडं घरच्यांना ती उपयोगी पडेल. वीज फताटेवाडीच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून आलेली असली म्हणून काय, गल्लीत धूर तर होत नाही. फक्त एक गोष्ट घरी सांगून ये. थंडीनं बॅटरी तात्पुरती मंदावते, पण उष्णतेनं कायमची झिजते, आणि आपला मे तर ४३-४४ अंशांचा. गाडी बरेच दिवस वापरायची नसेल तर शंभर टक्के भरून उन्हात उभी करू नका, निम्म्यावर ठेवून कडुलिंबाखाली लावा म्हणावं. आमच्या बाबांना हे पटवायला मला दोन उन्हाळे लागले.