शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने जॅझची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ख्याल ऐकून कान तयार आहे, पण ड्यूक एलिंग्टन हा बँडप्रमुख लावला तर नाचगाण्याचा बँड वाटला आणि पियानोवादक थिलोनियस माँक लावला तर कुणीतरी पियानोवर अडखळतंय असं वाटलं. हे दोन्ही जॅझ कसं, हा तुमचा प्रश्न.

माझं सरळ उत्तर: वादकांच्या याद्या ठेवा बाजूला, ते कुठे वाजवत होते ते आधी बघा. चाळीस माणसांच्या बैठकीतला ख्याल आणि मांडवात दहा हजारांसमोरचा ख्याल एकसारखा रंगत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडला. लोक तिथे नाचायला यायचे, काळे-गोरे एकाच फरशीवर. एवढ्या मोठ्या दालनात नाचणाऱ्यांना ठेका ऐकू गेला पाहिजे, म्हणून वादकांचा ताफा मोठा आणि लय ठाम. जवळच्याच कॉटन क्लबात मात्र वादक काळे आणि गिऱ्हाईक फक्त गोरं. एलिंग्टन १९२७ च्या डिसेंबरपासून काही वर्षं तिथे होता. रंगमंचावरच्या खेळांसाठी त्याला सतत नवं लिहावं लागे. त्याचा ट्रंपेटवाला बबर मायली वाद्याच्या तोंडावर रबरी वाटी उघडझाप करायचा. हो, तीच, तुंबलेली मोरी मोकळी करायला प्लंबर वापरतो ती! त्यातून गुरगुरणारा, जवळजवळ बोलणारा आवाज निघे. एलिंग्टन परत लावा आणि फक्त तो आवाज शोधा.

आता मिंटन्स हा क्लब. हार्लेममध्येच ११८ व्या रस्त्यावर, हॉटेल सेसिलच्या तळमजल्यावर. वादकांच्या युनियनला फुकटच्या मैफली चालत नसत, दंड व्हायचा. पण मालक हेन्री मिंटन स्वतः युनियनचा प्रतिनिधी राहिलेला, त्यामुळे इथे कुणी त्रास देत नसे. बाहेरची नोकरी आटोपून वादक रात्री इथे स्वतःसाठी वाजवायला येत. पियानोवर माँक, ड्रमवर केनी क्लार्क. क्लार्कने ठेका पायाच्या मोठ्या ढोलावरून उचलून झांजेवर नेला आणि ढोल अधूनमधून ठोसा मारायला मोकळा ठेवला. या एका बदलाने लय हलकी झाली, वेग वाढवता आला. बीबॉप म्हणतात ती जॅझची नवी, वेगवान शैली इथे घडत गेली.

आणि मग कर! १९४४ मध्ये अमेरिकी सरकारने नाच किंवा गायन असलेल्या जागांवर आधी ३० आणि काही महिन्यांत २० टक्के कर बसवला. नुसत्या वाद्यसंगीताला तो लागू नव्हता. मालकांनी हिशोब केला: नाचाची फरशी बंद, चार-पाच वादक बोलवा, खुर्च्या मांडा. सगळं श्रेय कराला देणार नाही मी, पण बसून ऐकायच्या जॅझला त्याने हात दिला, हे नक्की.

पोलिसांचा परवानाही होता. दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर कार्ड हवं. माँकचं ते १९५१ मध्ये गेलं आणि जवळपास सहा वर्षं त्याला शहरातल्या क्लबांत नीट काम करता आलं नाही. १९५७ मध्ये फाइव्ह स्पॉट क्लबात परतला तेव्हा सोबत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन होता. अडखळणं म्हणताय ते ऐकताना सम धरून बघा. तो चुकत नाही, जागा सोडतो.

पण तुम्ही सुरुवात करा न्यूयॉर्कच्याच व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबापासून. १९३५ पासून चालू असलेलं, निमुळत्या आकाराचं तळघर, सव्वाशेच्या आसपास खुर्च्या. पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचं २५ जून १९६१ चं ध्वनिमुद्रण लावा, हेडफोनवर. पेल्यांची किणकिण, मागची कुजबुज, सगळं येतं. बासवाला स्कॉट लाफारो नुसती साथ करत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय २५.

त्यानंतर त्याच तळघरातला सनी रॉलिन्स, ३ नोव्हेंबर १९५७. सॅक्सोफोन, बास, ड्रम, बस्स. पियानो नाही, म्हणजे कॉर्डची (एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांची) गर्दी नाही. एकच सुरावट बढत करत जाते. आपल्या कानाला हे सगळ्यात लवकर पटतं, असा माझा अनुभव. बत्तीस मात्रा नव्हेत, बत्तीस बारचं (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा खंड) आवर्तन असतं बहुतेक ठिकाणी, ते मोजत ऐका. (हाच रॉलिन्स पुढे काही महिने पवईच्या आश्रमात राहून गेला, आणि १९७८ च्या मुंबईतल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवलंही.) माँककडे या दोघांनंतर वळा, आणि एलिंग्टन मोठ्या स्पीकरवर, उभं राहून.