पंप बंद झाला, पण विहिरीला पेट्रोलचा वास येतोच आहे

प्रश्न: आमच्या फाट्यावरचा पेट्रोल पंप बंद होऊन बरीच वर्षं झाली. मशीन नेल्या, शेड पाडलं, पण टाक्या जमिनीतच आहेत म्हणतात. आमची विहीर तिथून दोनशे फुटांवर, उताराला. पाऊस झाला की पाण्याला पेट्रोलचा वास येतो, उन्हाळ्यात कमी होतो. दोनदा विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, तरी वास परत येतोच. मिस्टर म्हणतात गाळ काढू आणि घरात आरओ बसवू. पाणी चांगलं होईल का? (एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक ऐका, गाळ काढायला कुणालाही विहिरीत उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली तळाशी साचून राहते, माणूस उतरला की गुदमरतो आणि मोटरची एखादी ठिणगी पडली तर भडकाही उडू शकतो. आणि आजपासून हे पाणी प्यायला, स्वयंपाकाला बंद. उकळून चालेल का असं पुष्कळ जण विचारतात, तर उकळल्यावर तीच वाफ स्वयंपाकघरात पसरते. टीसीएल जंतूंसाठी असते, पेट्रोलवर तिचा उपयोग नाही, आणि घरच्या आरओच्या भरवशावर असलं पाणी प्यायचं नाही म्हणजे नाही.

आता वास पावसाळ्यातच का? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते झिरपत जाऊन भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही खाली जातं आणि जाता जाता मुरमाला चिकटून राहतं, मग पावसात पातळी वर आली की पाणी तोच माखलेला मुरूम धुऊन काढतं आणि उताराने तुमच्याकडे येतं. म्हणून विहीर कितीही उपसा, मूळ टाकीखालच्या मुरमात आहे. उलट जोरात उपसा केला तर तिकडचं घाण पाणी तुमच्याकडे आणखी ओढलं जातं, हे कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असंही नाही. पेट्रोलमधलं बेंझिन पाण्यात विरघळतं, त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्राम इतकी कमी आहे, नुसत्या बेंझिनचा वास नाकाला कळायला याच्या कितीतरी पट जास्त लागतं. त्यामुळे तपासणीच करा, पण प्लास्टिकच्या बाटलीत नमुना नेऊ नका. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या काठोकाठ भरायच्या, उलटी केल्यावर एकही बुडबुडा दिसता कामा नये (बुडबुड्यात बेंझिन निघून जातं), लगेच बर्फात ठेवून पोचवायच्या आणि बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन ही चारही तपासा असं स्पष्ट सांगायचं. साध्या पिण्याच्या पाण्याच्या टेस्टमध्ये हे येत नाही.

साफ होतं का? होतं, पण ओळीने करावं लागतं. आधी टाक्या आणि पाइप काढायचे, भिजलेला मुरूम जमेल तेवढा उचलायचा. मग टाकीजवळ छोटे बोअर घेऊन तरंगणारं पेट्रोल काढायचं, जमिनीतली वाफ पंपाने ओढायची, पाण्याखाली हवा सोडायची. उपसलेलं पाणी हवेच्या टॉवरमधून (तिथे हवेच्या झोताने बेंझिन उडून जातं) आणि मग कार्बनच्या, म्हणजे कोळशाच्या फिल्टरमधून काढतात. उरलेलं काम जमिनीतले जीवाणू करतात, ते बेंझिन खरंच खातात, पण १ ग्रॅम बेंझिनला साधारण ३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात लिटरला जेमतेम ८ मिलिग्राम असतो, तो संपला की काम एकदम मंदावतं. म्हणून हवा द्यायची.

कॅलिफोर्नियात १९९५ साली गळक्या टाक्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा बेंझिन बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबलेलं दिसलं. पण तुमची विहीर दोनशे फुटांवर, त्यात आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण, त्यात पाणी भेगांमधून धावतं, एखादी भेग थेट तुमच्या झऱ्याला मिळालेली असू शकते, म्हणून तो आकडा इथे धरून बसू नका. तिकडच्याच सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळायच्या एमटीबीई नावाच्या रसायनामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं आणि मुख्य विहिरी कार्बन लावून परत सुरू व्हायला दहा वर्षांच्या वर लागली. तेव्हा दोन महिन्यांत विहीर साफ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

खर्च तुम्ही का करायचा? जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी नवीन नियम आणलेत, ज्याच्यामुळे घाण झाली त्याच्याकडूनच साफसफाईचा खर्च घ्यायचा असं त्यात आहे आणि माहिती मिळाल्यावर प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची आहे. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, लॅबचा रिपोर्ट जोडा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि पंपांना परवाना देणाऱ्या नागपूरच्या पेसो कार्यालयाला. पोच घ्यायला विसरू नका. शेजारच्या विहिरींचे नमुनेही सोबतच द्या, एकट्या विहिरीची तक्रार लवकर बाजूला पडते.

प्रश्न: बंद पंपाचा प्लॉट स्वस्तात मिळतोय, घर बांधायचंय. घेऊ का? (नाशिक)

उत्तर: टाक्या काढल्या की नुसती वाळू भरून तिथेच ठेवल्या ते आधी विचारा आणि कागद मागा. टाक्यांच्या जागी, पेट्रोल भरलं जायचं तिथे आणि उताराच्या टोकाला बोअर घेऊन माती-पाणी तपासा, खर्च विकणाऱ्याकडून. पंप २००० च्या आधीचा असेल तर शिसंही तपासा, तोवर आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल विकलं जात होतं. रिपोर्टमध्ये बेंझिन निघालं तर साफसफाई होईपर्यंत इसार देऊ नका, कारण ती वाफ फरशीच्या फटींतून घरात येते.